खजिनदार आणि तिजोरीची किल्ली

पैसा जो राखतो, त्याच्याच हाती तो खर्चण्याचा अधिकार असावा काय? हा प्रश्न केवळ राष्ट्राच्या तिजोरीपुरता नाही. गावच्या सोसायटीच्या पेटीसही तो लागू आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी त्यास दिलेले उत्तर आमच्या शेतकरी बंधूंनी समजून घेण्याजोगे आहे.

तेथे खजिनदाराचे पद १७७५ साली, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्याही आधी, निर्माण झाले. पुढे सप्टेंबर १७८९ मध्ये अर्थखाते स्थापणारा कायदा झाला. सरकारी पैसा स्वीकारणे, जपणे व देणे ही खजिनदाराची कामे त्यात ठरली. परंतु अर्थसचिवाचा हुकूम, त्यावर कंट्रोलरची दुसरी सही आणि तिसऱ्या अधिकाऱ्याच्या दप्तरी नोंद, एवढे झाल्यावाचून रक्कम देण्याची त्यास मुभा नव्हती. दर तिमाहीस त्याने हिशेब द्यावा आणि हातची शिल्लक केव्हाही तपासू द्यावी, असे बंधन होते. पदावर बसण्यापूर्वी दीड लक्ष डॉलरांचा जामीन द्यावा लागे. शिवाय त्यास व्यापारधंद्यात भाग घेण्याची मनाई होती.

ही व्यवस्था अविश्वासातून निघाली, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. चोख हिशेब हीच प्रामाणिक खजिनदाराची ढाल होय. आळ आल्यास त्यास दुसरा साक्षीदार नसतो.

कालांतराने खजिनदाराची बरीच कामे इतरांकडे गेली. १९२१ साली हिशेबतपासणी अर्थखात्याबाहेरील स्वतंत्र कचेरीकडे सोपविण्यात आली. तत्त्व मात्र टिकले. आपल्या १९५० च्या राज्यघटनेनेही कायद्याच्या मंजुरीवाचून संचित निधीतून पैसा काढण्यास मनाई केली असून, तपासणीसाठी स्वतंत्र महालेखापरीक्षक नेमला आहे.

आता आपल्या घरी पाहू. पुष्कळ ठिकाणी एकच गृहस्थ पावती फाडतो, रोकड ठेवतो आणि कीर्दही लिहितो. तो सज्जन असेल. परंतु सभासदांचा घामाचा पैसा एकट्याच्या सज्जनपणावर ठेवणे त्याच्यावरही अन्याय आहे. हुकूम एकाने द्यावा, रोकड दुसऱ्याने राखावी, कीर्द तिसऱ्याने लिहावी आणि शिल्लक दरमहा चारचौघांसमक्ष मोजावी. यास खर्च लागत नाही. पुढील वार्षिक सभेत प्रत्येक सोसायटीने एवढा ठराव करावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.