औषध बदलतें तेव्हां

औषधानें रोग बरा होतो, हें आपण सर्व जाणतों. परंतु एक औषध सोडून दुसरें धरावें लागलें म्हणजे शरीरास व मनासहि त्याच्याशीं जुळवून घ्यावें लागतें, याचा विचार घरांतील मंडळी क्वचितच करितात. आमच्या वर्धा जिल्ह्यानें हा अनुभव कुष्ठरोगाच्या बाबतींत घेतला आहे.

1936 सालीं मनोहरजी दिवाण यांनीं वर्ध्याजवळ दत्तपूर येथें कुष्ठधाम उघडलें. पुढें थोड्याच वर्षांत या रोगानें ग्रासलेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री सेवाग्रामीं आले, व गांधीजींनीं स्वहस्तें त्यांचें अंग चोळून त्यांची शुश्रूषा केली. शास्त्रीबोवा 1945 सालीं निवर्तले. त्या काळीं चालमोगऱ्याच्या तेलावांचून वैद्यांच्या हातीं फारसें कांहीं नव्हतें. नंतर डॅप्सोनची गोळी आली, आणि 1951 सालीं वर्ध्यास गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन होऊन रोगी शोधण्याचें व औषधोपचाराचें काम खेड्यापाड्यांत सुरू झालें. तथापि कांहीं रोगजंतु त्या एका औषधास जुमानीनासे झाले. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासमंडळानें 1981 सालीं डॅप्सोन, रिफॅम्पिसिन व क्लोफॅझिमिन हीं औषधें जोडीनें देण्याचा सल्ला दिला. ही पद्धति देशांत ज्या जिल्ह्यांत आरंभीं सुरू झाली, त्यांत वर्धा होता.

आमच्या एका सहशिक्षकांस तेव्हां जुनी गोळी पुरेशी नाहीं म्हणून हीं नवीं औषधें घ्यावीं लागलीं. पहिल्याच दिवशीं लघवी तांबडी झालेली पाहून ते घाबरले. पुढें कांहीं महिन्यांत चेहरा काळवंडला. धाकट्या बहिणीचें लग्न ठरावयाचें होतें. "इतके दिवस रोग झांकलेला होता, या औषधानें तो चारचौघांत उघडा पाडिला," असें म्हणून त्यांनीं गोळ्या ट्रंकेंत टाकिल्या. घरांत कोणास रोगच ठाऊक नव्हता; मग समजूत कोण घालणार? महिन्याभरानें त्या वडील बंधूंच्या हातीं लागल्या. दादा रागावले नाहींत. दुसऱ्या दिवशीं त्यांस घेऊन दवाखान्यांत गेले.

तेथें डॉक्टरांनीं जें सांगितलें तें प्रत्येक घरानें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. लघवीचा तांबडा रंग रिफॅम्पिसिनचा. तो निरुपद्रवी असून लवकरच जातो. त्वचेचा काळेपणा क्लोफॅझिमिनचा. औषध संपल्यावर तो महिन्यामहिन्यांनीं फिका होत जातो. कोरड्या त्वचेस तेल लावावें. परंतु ताप येऊन अंगावर पुरळ उठलें किंवा डोळे पिवळे दिसूं लागले, तर औषध थांबवून तत्काळ डॉक्टरांकडे जावें. चट्टे एकाएकीं सुजून लाल होणें, शिरा ठणकणें, हातापायांतील जोर कमी होणें, हा मात्र औषधाचा दोष नव्हे. ती रोगाचीच प्रतिक्रिया होय. तेव्हां गोळ्या सोडूं नयेत, पण डॉक्टरांस गांठण्यास एक दिवसहि दवडूं नये. नाहीं तर हातपाय कायमचे अधू होण्याचा संभव असतो.

सहशिक्षकांनीं औषध पुरें केलें. पुढें वर्षभरांत चेहरा बहुतेक पूर्ववत् झाला, आणि दादांनीं सोयऱ्यांस सर्व सांगूनच बहिणीचें लग्न केलें.

हीं औषधें आजहि सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळतात. रोग कोणताहि असो, औषध बदलतांना तीन प्रश्न घरच्या वडील माणसानें डॉक्टरांस अवश्य विचारावेत: काय होईल, त्यांतलें सोसावयाचें कोणतें, आणि कोणतें दिसतांच धांवत यावयाचें? सहशिक्षकांस त्या गोळ्या ट्रंकेंत टाकाव्याशा वाटल्या, त्याचें कारण केवळ काळा रंग नव्हता. तो येणार हें आधीं कोणीं सांगितलें नव्हतें, आणि आल्यावर बोलावयास जवळ कोणी नव्हतें. एकत्र कुटुंबांत दहा माणसें असतात. त्यांपैकीं एकास तरी रोग्याची गोष्ट ठाऊक असावी.