टर्बो गाडीच्या बॉनेटखालची भट्टी: गॅरेज टाकणाऱ्यांनी हे आधी समजून घ्या

गॅरेज किंवा ॲक्सेसरीजचं दुकान टाकायचं ठरवलंय ना? आजकाल जवळपास प्रत्येक डिझेल गाडी टर्बोवाली असते, छोट्या पेट्रोल गाड्यांतही टर्बो आलाय. म्हणजे गिऱ्हाईक बॉनेटखाली भट्टी घेऊनच तुमच्या दारात येणार.

पूर्ण लोडवर डिझेल टर्बोत शिरणारा एक्झॉस्ट गॅस ७०० ते ८०० अंश सेल्सियसपर्यंत तापतो, पेट्रोलचा त्याहूनही जास्त. आणि शेजारून जाणाऱ्या साध्या पीव्हीसी वायरचं कव्हर? ते ७० ते १०५ अंशांपर्यंतच टिकतं.

गाडी पळते तोवर वारा उष्णता काढून नेतो. खरी गडबड थांबल्यावर. घाट चढून आला, चहाची टपरी दिसली, लगेच चावी फिरवली. वारा बंद, ऑइलचा प्रवाह बंद, लोखंड मात्र तापलेलंच. टर्बोच्या शाफ्टजवळ अडकलेलं ऑइल जळून त्याची काजळी धरते आणि पुढे बेअरिंग जातं. म्हणून चढणीनंतर एक-दोन मिनिटं इंजिन आयडलवर ठेवायला सांगा. फुकटचा सल्ला आहे, पण टर्बोचं बिल एकदा भरलेला माणूस तो विसरत नाही.

आता धंद्याचं बोलू. गिऱ्हाईक व्हिडिओ बघून येतं, 'हीट रॅप गुंडाळून द्या' म्हणतं. सरसकट गुंडाळू नका! रॅपखाली कास्ट आयर्नचा मॅनिफोल्ड आणखी तापतो, तडा जाऊ शकतो. पावसाळ्यात रॅप ओल धरतो, खाली गंज. आणि ऑइल गळत असेल, ते रॅपने शोषलं, तर आगच. आधी गळती बंद करा, रॅपचं नंतर.

खरं तर पहिलं बघायचं ते कंपनीचं हीट शील्ड. बोल्ट गंजून तुटतात, मग कुणीतरी शील्ड कोपऱ्यात फेकून गाडी तशीच देतो. (असे बोल्ट दुकानात ठेवा, बारीक माल आहे पण लागतो.) शील्ड आणि पाइप यांच्यात हवेची फट हवीच, ती ठोकून चिकटवू नका. वायर आणि होज शक्य तेवढे लांब सरकवून क्लॅम्प करा. सरकतच नसेल तिथे ॲल्युमिनियमचा थर असलेली फायबरग्लास स्लीव्ह चढवा.

फॉग लाइटची, हॉर्नची जादा वायर टर्बोवरून कधीच नेऊ नका. काही झालं तर पहिला फोन तुम्हालाच, आणि इन्शुरन्सवालाही बाहेरून जोडलेल्या वायरिंगवरच बोट ठेवू शकतो. काम झालं की वायर कुठून नेली त्याचा फोटो काढून बिलासोबत व्हॉट्सॲप करा.