शापहेतुक विरह : तेरेखोलच्या दोन तीरांसंदर्भात

विप्रलंभ शृंगाराचे अभिलाष, विरह, ईर्ष्या, प्रवास व शाप असे पाच हेतू मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त सांगितले आहेत. यांपैकी शापहेतुक विप्रलंभासाठी आपण ‘मेघदूता’चा दाखला देतो आणि शाप ही पौराणिक कल्पना मानून पुढे जातो. सिंधुदुर्गाच्या दक्षिण सीमेचा इतिहास पाहता हा प्रकार कालबाह्य ठरत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पेडणे महाल १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेला. राज्य बदलले, तरी तेरेखोल नदीच्या दोन्ही तीरांवरील बोली, दशावतार आणि सोयरीक यांत खंड पडला नाही. आरोंद्याच्या लेकीचे सासर समोरच्या किरणपाण्यास असणे ही नवलाची गोष्ट नव्हती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवी येथे सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि त्यानंतर भारत सरकारने सीमा बंद केली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत ये-जा करण्यावरील निर्बंध कमीअधिक प्रमाणात टिकले.

या विरहास प्रवासहेतुक म्हणता येत नाही. कारण कोणीही दूर गेलेले नाही. पैलतीरावरील माड दिसतात, तरी माहेर अंतरते. अंतर नदीचे नसून आज्ञेचे आहे, म्हणून तो शापहेतुकच म्हणावा लागतो. मात्र दोन भेद ध्यानात घ्यावेत. यक्षाचा शाप स्वतःच्या प्रमादामुळे होता आणि त्याची मुदत एक वर्षाची होती. येथे प्रमाद नाही आणि मुदतही ठाऊक नाही. शिवाय सीमाबंदीची आज्ञा स्वकीयांची व तिचा हेतू मुक्तीचा. त्यामुळे विरहिणीस दोष तरी कोणास द्यावा, हा पेच उरतो.

शास्त्रार्थाने विप्रलंभ हा नायक-नायिकांपुरता मर्यादित आहे, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु मराठी ओवीत विरहाचे प्रमुख आलंबन बहुधा पती नसून माय आणि भाऊ असतात. तेव्हा ही संज्ञा ओवीस लावताना तिचा विस्तार करणे अपरिहार्य ठरते.

ओव्यांचे संकलन करणाऱ्या अभ्यासकांनी म्हणूनच ‘माहेर किती दूर?’ एवढेच न विचारता ‘वाट कोणी अडवली?’ हेही विचारावे. त्या सहा वर्षांत सासरी आलेल्या स्त्रिया आज ऐंशीच्या आसपास वा त्यापुढे आहेत. हा प्रश्न विचारण्यास फारसा अवधी उरलेला नाही.