शेगावच्या फलाटावरची कचोरी

आमच्या चिखलीला रेल्वे नाही. खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. तो झाला तर गाडी चिखलीवरून जाईल. तोवर गाडी धरायची म्हणजे खामगाव आणि पुढे शेगाव. त्यामुळे शेगावहून परतलेल्या माणसाच्या पिशवीत आमच्याकडे दोनच गोष्टी शोधल्या जात : गजानन महाराजांचा प्रसाद आणि कचोरीचा पुडा.

ही कचोरी मूळची वऱ्हाडातली नाही. फाळणीनंतर पंजाबातून आलेले तीरथराम शर्मा शेगावात स्थिरावले आणि 1950 च्या सुमारास स्टेशनवर कचोरी विकू लागले. मुंबई-हावडा मार्गावरचं स्टेशन, गाडीचा थांबा थोडका. राजस्थानी कचोरी बऱ्याचदा फोडून तिच्यात दही-चटणी घालतात. खिडकीतून हात काढणाऱ्या प्रवाशाला ते कसं जमणार? शेगावची कचोरी चपटी, डाळ-मसाल्याचं कोरडं सारण भरलेली. सोबत तळून मीठ लावलेली हिरवी मिरची, बस्स. चटणी नाही, वाटी नाही, चमचा नाही. माझ्या मते ती इतकी दूर पोचली ती या कोरडेपणामुळेच. सकाळी घेतलेली कचोरी दुसऱ्या दिवशीही चवीला उतरत नाही.

साधारण त्याच काळात, 1949 मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत 'हाउस ऑफ प्राइम रिब' हे रेस्टॉरंट सुरू झालं. सैंधवात मुरवून मंद आचेवर भाजलेलं गोमांस तिथे चकचकीत गाड्यावरून टेबलाशी आणतात आणि गिऱ्हाइकासमोर कापतात. ते आजही चालू आहे, मुख्य पदार्थ तोच. आपल्या ताटाशी त्याचा काही संबंध नाही. पण एका पदार्थावर भरवसा ठेवून पिढ्या काढणं म्हणजे काय, हे शेगावात वाढलेल्या कुणालाही समजावून सांगावं लागणार नाही.

पुढे शेगावच्या कचोरीचं नाव गावोगाव गेलं. आता पुण्या-मुंबईत 'शेगाव कचोरी'च्या पाट्या दिसतात, आणि पुष्कळ ठिकाणी वर गोड चटणी ओततात, शेव भुरभुरतात. मला ते पटत नाही. चटणी ओतली की आवरण भिजतं, सारणाची चव हरवते आणि उरते ती कुठलीही कचोरी.

दर्शनाला गेलात तर पुडा बांधून घेण्याआधी एक कचोरी तिथेच, कढईतून निघालेली, मिरचीसोबत खा.