मानेतली गाठ: आधी नमुना, मग औषध
मुलाच्या मानेतली गाठ महिना उलटूनही बसत नसेल, तर क्षयाची औषधे सुरू करण्याआधी सुईने तिच्यातला नमुना घ्यायला हवा. आपल्याकडे अशी गाठ बहुधा क्षयाचीच, मग थांबायचे कशाला, असे कुणी म्हणेल. पण त्या नमुन्यावर केलेली सीबीनॅट ही जनुकीय चाचणी काही तासांत क्षयजंतू दाखवू शकते आणि ते रिफाम्पिसिनला दाद देतील का, हेही सांगते. ती निगेटिव्ह आली तरी क्षय नाहीच असे ठरत नाही, म्हणून पेशींची तपासणी आणि कल्चरही करावे. क्षय ठरला तर सहसा ६ महिने औषधे पुरतात, शस्त्रक्रिया क्वचितच लागते. त्याच कुळातल्या, माती-पाण्यात राहणाऱ्या जंतूंमुळे आलेल्या गाठीचे मात्र उलटे आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, नेदरलँड्समधल्या १०० मुलांवरच्या अभ्यासात गाठ काढलेली ९६ टक्के मुले बरी झाली, प्रतिजैविके दिलेली ६६ टक्के. शस्त्रक्रियेत चेहऱ्याच्या नसेला इजा होऊ शकते, हा आक्षेप खराच आहे. गाठ नसेला लागून असेल तर वाट पाहणेही योग्य ठरते. सुईने रोग पसरतो ही भीती मात्र सोडावी. पण नुसती चीर देऊन पू काढला, तर जखम महिनोन्‌महिने वाहत राहू शकते. आणि उपचार चालू असताना क्षयाची गाठ काही काळ वाढली, तर औषध परस्पर बंद करू नये. शरीराच्या प्रतिकारामुळेही तसे होते.