जिल्हा परिषदेची शाळा आणि पुढल्या वाटा

1 मे 1962 रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि खेड्यांतील प्राथमिक शिक्षणाचा कारभार त्यांच्याकडे सोपविला गेला. या शाळांतून शिकणाऱ्या बुद्धिमान परंतु निर्धन विद्यार्थ्यास ज्या सवलतींचा हक्क पोचतो, त्यांपैकी प्रमुख अशा :

नवोदय विद्यालय : 1985-86 मध्ये आरंभिलेल्या या योजनेतील पहिल्या दोन विद्यालयांपैकी एक अमरावतीचे होय. सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीतील विद्यार्थ्यांची परीक्षा होते; निवास, भोजन व गणवेश विनामूल्य असून, किमान 75 टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी राखीव असतात. मात्र तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील शाळेत काढल्याची नोंद दप्तरी असावी लागते.

आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती : पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांहून अधिक नाही, असा तहसीलदारांचा दाखला जोडून आठवीत ही परीक्षा देणारा विद्यार्थी निवडला गेल्यास, नववी ते बारावी दरसाल 12,000 रुपये त्याच्या स्वतःच्या बँकखात्यात जमा होतात.

प्रवास : गावात माध्यमिक शाळा नसल्यामुळे ज्या मुलींना रोज परगावी जावे लागते, त्यांस अहिल्यादेवी होळकर योजनेखाली एस.टी.चा मोफत पास मिळतो.

दक्षता : दाखल्यावरील नाव, आधारवरील नाव आणि खातेपुस्तकावरील नाव यांत एका वेलांटीचाही फरक असल्यास मंजूर रक्कम अडून राहण्याचा संभव असतो, यास्तव मुख्याध्यापकांकडून ही तिन्ही कागदपत्रे मुदतीपूर्वीच ताडून घ्यावीत.