नदीच्या पाठीवरचें वर्ष

आपल्या गांवाला नदी आहे, याची आठवण पुणेकराला वर्षांतून दोनदांच होते : गणपति पोंचविण्याच्या दिवशीं आणि पूर येतो त्या दिवशीं. एरवीं तो नाकाला रुमाल लावून पूल ओलांडतो आणि पलीकडे उतरला, कीं तिला विसरतो. आमच्या घरीं तर नदीचें नांवच निघत नसे. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें अपुरें धरण फुटलें, त्याच्या लोंढ्यानें खडकवासल्याचा बांधहि गेला, आणि नारायण पेठेंतील एका नदीकांठच्या वाड्यांत नुकताच मांडलेला माझ्या आजीचा संसार त्या एका दिवसांत नाहींसा झाला. माणसें तेवढीं वांचलीं. पुढें पर्वतीपलीकडे पूरग्रस्तांच्या सहकारी सोसायट्यांतून सहकारनगर वसलें, तेथें आजी-आजोबा राहावयास गेले. आणि मुलांनीं पाण्याजवळ जावयाचें नाहीं, हा घराचा अलिखित नियम होऊन बसला.

तो नियम मीं मोडला. गेलीं वीस वर्षें मी कयाक वल्हवीत आहें, आणि त्या छंदानें जें कांहीं शिकविलें, तें ऋतूंच्या क्रमानें वाचकांपुढें ठेवीत आहें.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील नाव. तेथील इनुइट शिकारी हाडांचा किंवा वाहून आलेल्या लांकडांचा सांगाडा बांधीत, त्यावर सीलचें कातडें ताणून बसवीत आणि मध्यें एका माणसापुरतें भोक ठेवीत. आज ती फायबरची किंवा प्लॅस्टिकची असते. घाट मात्र तोच आहे. शर्यतीच्या होडींत माणूस पाठमोरा बसतो व जें मागें पडलें तेवढेंच पाहत जातो. कयाकमध्यें तोंड पुढें असतें, वल्ह्याला दोन्ही टोकांस पातीं असतात, आणि बैठक जवळजवळ पाण्याच्या सपाटीवर असते. पुलावरून नदीकडे पाहणें म्हणजे गच्चीवरून शेजाऱ्याशीं बोलणें. कयाकमधून पाहणें म्हणजे त्याच्या ओसरीवर जाऊन बसणें.

माझा आरंभ वसंतांत झाला. संगमाजवळ, अभियांत्रिकी महाविद्यालयाचा १९२८ सालीं स्थापन झालेला बोट क्लब आहे. महाविद्यालय १८५४ सालचें. २०२२ सालीं त्याचें विद्यापीठ झालें. दरवर्षीं उन्हें तापूं लागण्याच्या सुमारास तेथें ‘रेगाटा’ भरतो. विद्यार्थी कयाकांचें नृत्य बसवितात, होड्यांच्या रचना करतात, आणि अंधार पडला, कीं पाण्यावर मशाली पेटतात. त्या तालमींच्या महिन्यांत घरच्यांच्या समजुतीप्रमाणें मी ग्रंथालयांत असें. पहिल्या दिवशीं मी तीनदां पाण्यांत पडलों. शिकविणारा वरच्या वर्गांतील विद्यार्थी काठावरून म्हणाला, “कंबर सैल सोड. पडायचं नाहीं म्हणून जो ताठ बसतो, तोच पडतो.” त्या वर्षीं पुस्तकांतून मीं जें शिकलों, त्यांतील बरेंच विसरलों, हें वाक्य विसरलों नाहीं.

ग्रीष्मांत संगमाचें रूप पालटतें. पाणी थांबतें आणि त्यावर जलपर्णी पसरते. ही मूळची दक्षिण अमेरिकेंतील वनस्पति; तिचीं जांभळट फुलें दिसावयास मोहक असतात. सांडपाण्यांतून येणाऱ्या नत्र व स्फुरदावर ती पोसते, पाण्यावर छत धरून आंतील प्रकाश अडविते, आणि तिच्या आश्रयानें डांस वाढतात. पुलावरून तें हिरवें कुरण भासतें. कयाकवाल्याला मात्र प्रत्येक वल्ह्याबरोबर तिचीं काळीं, चिकट मुळें ओढावीं लागतात, आणि तीं कोणत्या अन्नावर वाढलीं हें नाकाला सांगावें लागत नाहीं. हें अन्न आपल्याच न्हाणीघरांतून जातें. मीं स्वतः त्या मुळांत अर्धा तास अडकून पडेपर्यंत मला हें केवळ वर्तमानपत्रांतील वाक्य वाटे.

अशा दिवसांत आम्ही पवनेच्या जलाशयावर जातों. तेथें धरणांत बुडालेलें वाघेश्वराचें हेमाडपंती देऊळ आहे. वर्षाचे बहुतेक महिने तें पाण्याखालीं असतें, आणि उन्हाळ्यांत पाणी उतरलें, कीं दगडी भिंतींसह वर येतें. मार्गशीर्षांत ज्या जागेवरून माझी नाव गेली होती, त्याच जागीं वैशाखांत मी चपला काढून उभा राहिलों. धरणांतील पाण्याखालीं कोणाचें तरी गांव असतें, हें त्या दिवशीं पायांना कळलें.

वर्षाऋतूंत नाव पाण्यांत घालावयाची नाहीं. हा धडा मला आजीनें दिला. नोकरी लागल्यावर मीं एक जुनी कयाक विकत घेतली. पण बारा फुटांची वस्तु घरांत लपत नाहीं. आजी गच्चीवर आली, तिनें ती टोकापासून टोकापर्यंत पाहिली. मी बोलणीं खाण्याच्या तयारीनें उभा होतों. ती इतकेंच म्हणाली, “पावसांत ही घराबाहेर न्यायची नाहीं.” तेव्हां मला तें म्हातारपणचें भय वाटलें. पुढें कळलें, कीं या विद्येचा पहिला नियमच तो आहे. खडकवासल्यांतून पाणी सुटलें, कीं मुठा तासातासानें चढते. वाहून आलेल्या झाडाच्या फांद्यांतून पाणी निघून जातें, माणूस अडकतो. बंधाऱ्याच्या पायथ्याशीं तर पाणी उलटें फिरत राहतें, आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाहि तें पुन्हा पुन्हा आंत ओढतें. म्हणून श्रावणांत मी पुलावर इतरांसारखाच उभा असतों.

शरदांत मुळशीचें पाणी निवळतें व डोंगर त्यांत उलटे दिसतात. येथेंहि तळाशीं गांवें आणि भाताचीं खाचरें आहेत. त्यांच्यासाठीं १९२१ सालीं सत्याग्रह झाला, आणि सेनापति बापटांचें नांव त्याच्याशीं कायमचें जोडलें गेलें. अडविलेलें पाणी सह्याद्रि उतरून भिऱ्यास वीज निर्माण करतें. अशा एका आश्विनी दुपारीं मी निघालों, तेव्हां काठावर गुरें राखणारा एक म्हातारा म्हणाला, “दुपारनंतर वारा उठतो, साहेब. आतां नका जाऊं.” मी गेलों. मध्यावर वाऱ्यानें लाटा आडव्या आल्या, आणि मला कांहीं कळण्यापूर्वीं कयाक उलटली. अंगांत तरंगतें जाकीट होतें म्हणून डोकें वर राहिलें. काठ जवळ दिसत होता. पोहत सुटावें असा मोह झाला. पण पाण्यांत अंतर नेहमीं कमी दिसतें, आणि उलटी नावहि बुडत नाहीं. ती धरून मी तासभर वाऱ्याच्या मर्जीनें वाहत काठाला लागलों. चूक सर्वस्वीं माझी होती.

रात्रीं उशीरां घरीं आलों. आजी जागी होती. तिनें माझ्या ओल्या कपड्यांकडे पाहिलें आणि मऊ भात, मेतकूट व तूप पुढें ठेवलें. मी जेवूं लागल्यावर तिनें विचारलें, “हातांतलं सोडलं नाहींस ना?”

“नाहीं.”

“मींहि दोर सोडला नव्हता,” ती म्हणाली. आणि इतक्या वर्षांत प्रथमच तिनें ती दुपार सांगितली : कमरेइतक्या पाण्यांत शेजाऱ्यांनीं धरलेला दोर, पुढें आजोबा, मागें ती, डोक्यावर देवांचा डबा आणि पायांखालीं न दिसणारा ओळखीचा रस्ता. ती नदीला भीत होती, असें आम्ही सारे समजत आलों होतों. खरें तर तिला त्याविषयीं कोणीं विचारलेंच नव्हतें. सांगून झाल्यावर ती म्हणाली, “ती पुढें कुठं जाते, तें एकदां मला दाखव.”

म्हणून त्या शिशिरांत आम्ही तिला भिगवणला नेलें. मुठा संगमावर मुळेला मिळते, मुळामुठा भीमेला मिळते, आणि भीमेचें पाणी १९८० सालीं पुऱ्या झालेल्या उजनी धरणानें अडवून तेथें समुद्रासारखें पसरलें आहे. हिंवाळ्यांत रोहित पक्ष्यांचे थवे त्या उथळ पाण्यांत उभे असतात. माझी कयाक तिच्यासाठीं नव्हती. एका कोळ्याच्या रुंद होडींत तिला शालींत गुंडाळून मध्यें बसविलें. सूर्य वर आला तसे रोहित उडाले, आणि पांढऱ्या थव्यांतून पंखांचा गुलाबी रंग एकदम उघडला. आजी पक्ष्यांकडे पाहत नव्हती. ती पाण्याकडे पाहत होती. पुष्कळ वर्षांनीं भेटलेल्या भाचीकडे पाहावें तसें पाहून ती म्हणाली, “केवढी मोठी झाली रे ही!”

परत येतांना गाडींत ती बराच वेळ गप्प होती. पुणें जवळ आल्यावर तिनें एवढेंच विचारलें, “मृग लागायच्या आधीं नाव वर बांधून ठेवतोस ना?”